घरची पंगत आणि शेवटचे पान

(आंधळगाव येथे मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी ‘घरचे जेवण’ हा विषय आम्ही कळविला, तेव्हा कार्यकारी मंडळातील एका तरुण स्नेह्यांनी तो महिला-मेळाव्यात ठेवावा असे सुचविले. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु हा विषय पुरुषांच्या समक्ष बोलला जावा असे आम्हांस वाटले, व मंडळाने ते मान्य केले, याबद्दल आम्ही आभारी आहो.

गेली काही वर्षे आपल्या बैठकींतून एक तक्रार वारंवार ऐकू येते. पूर्वी पाहुणा दारी आला की घरात चूल पेटत असे. आता त्यास रस्त्यावरच्या ढाब्यावर नेतात. बारसे असो, साखरपुडा असो, वास्तुपूजन असो, सभागृह घ्यावयाचे, केटररशी माणशी दर ठरवावयाचा, आणि यजमानानेही पाहुण्यासारखे हाती थाळी घेऊन रांगेत उभे राहावयाचे. कोणी कोणास वाढीत नाही, कोणी कोणास ‘आणखी थोडे घ्या’ म्हणत नाही. या तक्रारीत तथ्य आहे. पण तिचा शेवट बहुधा ‘हल्लीच्या सुनांना होत नाही’ या वाक्यावर होतो, आणि तेथे तक्रार करणारांचे व आमचे एकमत संपते. घरची पंगत का मोडली याचा शोध सुनेपाशी थांबविणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

प्रथम, जे मोडत आहे त्याची योग्यता पाहू.

आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा. गोंडांच्या राज्यात कोहळी बांधवांनी तलाव बांधले. पुढे मालगुजारी आली आणि १९५१ साली गेली, तरी तलावांना ‘मालगुजारी तलाव’ हे नाव राहिले आणि त्यांच्या पाण्यावर बांध्या पिकत राहिल्या. तुमसरचा तांदळाचा बाजार दूरवर माहीत आहे. या मातीतला चिन्नोर तांदूळ दाण्याने बारीक, वासाने असा की एका घरी शिजला तर आळीला कळावे. तो उशिरा पिकतो आणि थोडा पिकतो, म्हणून शेतकरी तो घरापुरता व पाहुण्यांपुरता राखून ठेवीत असे. त्याला अलीकडे भौगोलिक मानांकन लाभले ही आनंदाची गोष्ट आहे; परंतु ज्याच्या घरी तो पाहुण्यासाठी शिजे, त्याने तो मान त्यास आधीच दिलेला होता.

आता या भातावरचा वडा घ्या. वडाभात हे आपल्या विदर्भाचे खास पान. हरभऱ्याची, तुरीची, मुगाची आणि थोडी उडदाची डाळ रात्री भिजत घालावयाची. सकाळी ती पाट्यावर जाडसर वाटावयाची. फार बारीक वाटली तर वडा आतून गिच्च होतो. त्यात हिरवी मिरची, जिरे, लसूण आणि भरपूर सांबार. (आमच्या भागात कोथिंबिरीस सांबार म्हणतात, हे पुण्यामुंबईकडील पाहुण्यांस दर वेळी समजावून सांगावे लागते.) वडे मंद आचेवर तळावयाचे, म्हणजे आतपर्यंत शिजतात. मग वाफाळलेल्या मोकळ्या भातावर वडा हाताने कुस्करून घालावयाचा, आणि हिंग, मोहरी व भिवापुरी लाल मिरचीची फोडणी दिलेले तेल पळीने वरून सोडावयाचे. जोडीला कढी. एवढेच. या पानात महाग असा एकही जिन्नस नाही. पण भात निवला की गंमत गेली, आणि वडा आदल्या वेळचा असला की गंमत गेली. म्हणून तो कोणा केटररच्या झाकलेल्या भांड्यातून नीटसा मिळत नाही. त्यासाठी जेवणाऱ्याच्या चार पावलांवर चूल आणि चुलीपाशी कोणीतरी उभे असावे लागते.

पूर्वी या डाळींत लाखोळीही असे. उभ्या धानाच्या बांधीत, ओल असतानाच, लाखोळी फोकून देत. धान निघाले की मागे ती उगवून येई, नांगरटीवाचून, खतावाचून. गरिबाची डाळ ती. दुष्काळात महिनोन्‌महिने केवळ लाखोळीवरच राहणाऱ्यांचे पाय लुळे पडतात हे दिसून आल्यामुळे १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. इतर धान्यांसोबत, भिजवून पाणी टाकून, क्वचित खाल्ली तर बाधत नाही, असे आपल्याकडील जुनी मंडळी सांगत. तिच्या वड्याची चव आठवून सुस्कारा टाकणारे काही गृहस्थ समोर बसलेले आम्हांस दिसतात.

पाटोडीचा रस्सा, पोळ्याच्या पुरणपोळ्या, तलावातल्या मासळीचे कालवण, लग्नातल्या सुवाऱ्या, यांची नावे घेतली तरी सभेचे लक्ष भाषणावरून उडेल. म्हणून त्या वाटेस आम्ही जात नाही.

तर बंधुभगिनींनो, एवढे वर्णन झाले आणि यात एक माणूस अद्याप आलेच नाही. डाळ भिजत घालावयाची, वाटावयाची, तळावयाची, असे आम्ही म्हणत गेलो. ती भिजविली कोणी, वाटली कोणी? आमच्या मराठी भाषेची ही मोठी सोय आहे, तीत कर्त्यावाचून सगळा स्वयंपाक होऊ शकतो.

वीस माणसांचा वडाभात म्हणजे सुमारे तीन किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. मिक्सर नव्हता तेव्हा दीड किलो भिजलेली डाळ पाट्यावर वाटणे हे अर्ध्या सकाळचे काम होते. त्याआधी विहिरीचे पाणी, लाकडे, तांदूळ निवडणे. त्याहून आधीच्या पिढीत उखळात धान कांडणेसुद्धा. त्यानंतर धुरात बसून शे-दीडशे वडे तळणे, आणि बाहेर पंगत बसली की प्रत्येक ‘वाढा’ या शब्दासरशी उठणे. पहिली पंगत पाहुण्यांची, दुसरी घरातल्या पुरुषांची व मुलांची. मग गंजाच्या तळाशी जो भात उरला असेल, चार फुटके वडे असतील आणि कढी निवून दाट झाली असेल, त्यावर शेवटचे पान मांडले जाई. ते पान करणारणीचे. वडाभात गरम खाल्ला तरच वडाभात, असे आम्ही आताच सांगितले. या हिशोबाने आपल्या कितीएक आयांनी व आज्यांनी स्वतः रांधलेला वडाभात खऱ्या अर्थाने कधी खाल्लाच नाही.

आपल्या विणकर समाजात तर भार दुहेरी. आंधळगाव-मोहाडीच्या कोशाच्या कापडाचे नाव आहे. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकणारा पुरुष लोकांस दिसतो. पण उकडलेल्या कोशातून धागा काढून तो मांडीवर वळणारी, कांड्या भरून देणारी बाई दिसत नाही. तिची मजुरी वेगळी मोजली गेली असे उदाहरण विरळाच. तीच बाई दिवस मावळता चुलीपाशी बसे. तिला ‘आज चार पाहुणे आहेत बरे’ असे सांगणे हा आदरातिथ्याचा आरंभ समजला जाई.

हे सर्व जुने झाले, आता गॅस आहे, कुकर आहे, मिक्सर आहे, असे कोणी म्हणेल. यंत्रे आली हे खरेच, आणि गॅसच्या शेगडीने धूर घालविला हे तर फार मोठे काम झाले. पण माणसांची वाटणी बदलली काय? केंद्र शासनाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली; माणूस दिवसाचे चोवीस तास कोठे घालवितो हे तीत विचारले होते. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी शेकडा ८१ हून अधिक त्या दिवशी घरकामात होत्या. पुरुषांपैकी शेकडा २६. आणि जे पुरुष काही करीत होते त्यांचा वेळ सरासरी ९७ मिनिटे, स्त्रियांचा २९९ मिनिटे. म्हणजे जवळजवळ पाच तास. आम्ही आयुष्यभर मुलांना गणित शिकविले. या आकड्यांवरून कोणते उदाहरण मांडावे हे येथे जमलेल्या जाणत्यांस सांगणे नलगे.

तेव्हा घरी पंगत का होत नाही, याचे आमचे उत्तर असे: सुना आळशी झाल्या म्हणून नव्हे, तर ज्या एका माणसाच्या कष्टावर ती पंगत उभी होती, ते माणूस आता ‘मी एकटी करणार नाही’ असे म्हणू लागले आहे, आणि तसे म्हणण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. ती शिकली आहे, शाळेत वा दवाखान्यात नोकरी करते, संध्याकाळी सहाला थकून घरी येते. तिच्या एकटीच्या जिवावर पंगत मांडावयाची नसेल तर दोनच मार्ग उरतात: ढाबा, किंवा घरातल्या सर्वांचे हात.

पुरुषास स्वयंपाक येत नाही हे म्हणणे तर इतिहासास धरून नाही. उत्तम पाकास आपण ‘नलपाक’ म्हणतो, ते नळराजाच्या नावाने. अज्ञातवासात भीमाने विराटाघरी बल्लव होऊन मुदपाकखाना सांभाळला. त्यामुळे त्याच्या गदेस कमीपणा आला असे व्यासांनी लिहिलेले नाही. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पाकपुस्तकांपैकी एक म्हणजे १८७५ सालचे ‘सूपशास्त्र’, आणि त्याचे कर्ते रामचंद्र सखाराम गुप्ते हे गृहस्थ होते. स्त्रियांनी लिहिलेली मोठी पुस्तके नंतरची: लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे, आणि घरोघरी पोचलेली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. आपल्या नागपूरचे विष्णू मनोहर यांनी २०१७ साली सलग पन्नास तासांहून अधिक वेळ स्वयंपाक करून विक्रम केला. तो पाहावयास लोक लोटले होते. त्यांचे कौतुक आम्हांस आहेच. रोज पाच तासांप्रमाणे दहा दिवसांत तोच पल्ला गाठणाऱ्या गृहिणीस मात्र कोणी प्रेक्षक नसतो, एवढेच सुचवितो.

आणि लांब कशास जावे? आपल्या गावच्या लग्नात वांगे-आलूची भाजी कोण करतो? मोठमोठे गंज चुलाणावर चढवून, सराटा दोन्ही हातांनी फिरवून, पाचशे पानांचा अंदाज मिठासकट अचूक साधणारे सगळे पुरुषच ना? पाचशेंचे करणारे हे हात घरी पाच माणसांचे वरण करावयास का लाजतात, याचे कोडे आम्हांस उलगडलेले नाही. पुण्यास वा नागपुरास खोली घेऊन राहणारी आपली मुले पोटापुरते रांधून खातात. तीच मुले दिवाळीस घरी आली की पाण्याचा तांब्यासुद्धा जागेवर मागतात. विद्या आहे, पण ती गावच्या शिवेवर उतरवून ठेवली जाते.

दुसरी एक गोष्ट बोलावयाची आहे. ती थोडी अवघड आहे, तरी ज्ञातीच्या व्यासपीठावरच बोलली पाहिजे. घरी जेवावयास बोलवावयाचे ते कोणास? ‘आप्तेष्ट व मित्रमंडळी’ असे आपण निमंत्रणपत्रिकेत छापतो. आप्तेष्ट तर ज्ञातीतलेच. मित्र?

जातीच्या जेवणाचा इतिहास सगळाच गोड नाही. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातींविषयी चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला. त्यात जातीमागून जातीत एकच रीत नोंदलेली सापडते: वाळीत टाकलेल्या माणसास परत घ्यावयाचे तर त्याने जातभाईंना जेवण द्यावे. म्हणजे जेवण हा दंड होता. ज्याच्या घरी दाणा नाही त्याने कर्ज काढून शंभर पाने उठवावी, आणि त्याने जातीत परत आल्याचे समाधान मानावे! असल्या पंगतीत वाढणाऱ्याच्या हाताला माया कोठून येणार? आता सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे व तो २०१७ पासून अमलातही आहे. कायद्याने दंडाचे जेवण थांबेल. मायेचे जेवण मात्र कायद्याने सुरू होत नाही.

आपल्या धंद्याचीच गोष्ट पाहा. आपण विणलेला कोसा सोवळ्याचा म्हणून गणला गेला. पूजेस व नैवेद्याच्या स्वयंपाकास कोसा नेसत. सुती वस्त्राला विटाळ, कोशाला नाही. आणि ते पवित्र वस्त्र ज्यांनी विणले त्यांना त्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर उभे केले जाई. हे आपण सोसले आहे. म्हणून आपल्या उंबरठ्यावर दुसऱ्या कोणास उभे करण्याचा विचार आपल्या मनात येऊ नये असे आम्हांस वाटते.

आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी जो एचएमटी तांदूळ शिजतो, तो नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्याचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकडाभर शेतात, वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून निवडून, १९८० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव त्याला पडले. दादाजी दलित शेतकरी, शिक्षण थोडे, शेतही थोडे. २०१८ साली ते वारले. त्यांचा तांदूळ सर्व जातींच्या पानात केव्हाच बसला आहे. त्यांच्यासारखा माणूस त्या पानाशेजारी बसावयास अजून किती घरांत अडचण आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

लहान मुलांना हे कळावयास वेळ लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळांतून शिजविलेले अन्न मिळू लागले. आम्ही शिक्षक म्हणून शाळेच्या ओसरीवर वर्षानुवर्षे ती पंगत पाहिली. सर्व आळींची मुले एका ओळीत, एकाच गंजातली खिचडी. शेजाऱ्याच्या ताटातला वाटाणा उचलून खाण्यावरून जी भांडणे होत तेवढीच काय ती. त्या मुलांचे बाप मात्र एकमेकांच्या घरी कधी जेवले नव्हते.

आता आमच्या घरी काय चालते ते थोडक्यात सांगतो, कारण ‘गुरुजी बोलतात, करीत काहीच नाहीत’ असे उद्या कोणी म्हणू नये. निवृत्तीनंतर आम्ही साधे वरण, मोकळा भात, वांगे-आलूची भाजी आणि पाटोडीचा रस्सा हे चार पदार्थ शिकलो. गुरू आमच्या सौभाग्यवती. त्यांची शिकवणी कडक आहे व गुणदान आखडते. महिन्यातून एका रविवारी रात्री सहा ते आठ माणसांना बोलवावयाचे, त्याहून जास्त नाही. त्यांत दोन तरी घरे ज्ञातीबाहेरची. पदार्थ तीन; चौथा झाला की जेवणाचा सोहळा होतो आणि सोहळा झाला की करणारास धास्ती पडते. आग्रह एकदाच, दुसऱ्यांदा आग्रह झाला की आत कोणीतरी पुन्हा परातीत कणीक घेते, हे ध्यानात ठेवावे. भात, भाजी, वरण आधी ताटांशेजारी आणून ठेवावयाचे, ज्याने त्याने वाढून घ्यावयाचे, आणि सर्वांनी एकाच वेळी बसावयाचे. शेवटचे पान म्हणून काही उरवावयाचे नाही. भांडी पाहुण्यांतले पुरुषही घासू लागतात; प्रथम संकोच होतो, मग चुलीपाशी जशा गोष्टी रंगतात तशा मोरीपाशीही रंगतात. आमच्या सौभाग्यवतींनी अशा एका रात्री पहिला वडा कढईतून निघताच ताटात घेतला आणि गरम खाल्ला. त्यावर त्यांनी मीठ कमी असल्याचे सांगितले. ते खरेही होते.

यावर, वडिलांपुढे मुलगा चुलीपाशी गेला तर वडिलांचा मान राहत नाही, असे एका वयोवृद्धांनी आम्हांस ऐकविले. त्यांच्या वयाचा मान राखून आम्ही त्यांस एवढेच विचारले की, मुलाच्या हातचे गरम पान समोर आले तर मान कोणत्या बाजूने जातो? ते हसले. हसले म्हणजे पटले असे आम्ही समजत नाही. पण पुढच्या रविवारी ते जेवावयास आले होते.

वेळ झाली आहे आणि कढीचा वास सभामंडपात येऊ लागला आहे. आजच्या भोजनाविषयी मंडळाच्या वतीने दोन सूचना आमच्याकडे दिल्या आहेत. डाळी काल रात्री युवक शाखेच्या मुलांनी भिजत घातल्या, आणि वडेही सकाळपासून तेच तळीत आहेत. पहिली पंगत भगिनींची व लहान मुलांची. वाढपासाठी पुरुष मंडळींनी डावीकडील दाराने आत यावे, हात धुण्याचे पाणी तेथेच आहे. ज्यांच्यासोबत इतर समाजांतील स्नेही आले आहेत, त्यांनी त्यांस वेगळे न बसविता आपल्या शेजारीच पान द्यावे. भात मात्र चिन्नोरचा नाही, एचएमटीचाच आहे. एवढ्या पानांपुरता चिन्नोर यंदा कोणाच्या घरी उरला नव्हता. वडे गरम आहेत, तेव्हा भगिनींनी आधी उठावे.